एकाचे दोन दिसतात, डोळे मात्र ठणठणीत: मिलर फिशरचा कुणाला अनुभव?

वारजेकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त क्रिकेटच्या धाग्यांवर असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय.

माझे मामा साठीच्या आसपासचे, धायरीला राहतात. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू. मध्यंतरी एका लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब झाले आणि थांबलेही. त्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने पेपर वाचताना ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. चष्म्याच्या दुकानात नंबर पाहिला, तोच होता. संध्याकाळी राजाराम पुलापाशी एका पीएमपी बसच्या दोन दिसल्या, शेजारी शेजारी. दुसऱ्या दिवसापासून चालताना झोकांड्या. सोसायटीतल्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मामा माळकरी आहेत, त्यांना ते फार लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा, प्रेशर सगळं पाहिलं आणि म्हणाले, "डोळा चांगला आहे, डोळा वळवायचं काम बिघडलंय. आजच्या आज न्यूरोकडे जा." तिथे गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हललाच नाही. एमआरआय नॉर्मल. पाठीतलं पाणी काढलं, त्यात प्रोटीन वाढलेलं पण पेशी वाढलेल्या नाहीत. निदान: मिलर फिशर सिंड्रोम. जीबीएसचाच (गियां-बारे सिंड्रोम, ज्यात शरीर आपल्याच नसांवर हल्ला करतं) भाऊबंद म्हणे. २०२५ ला आमच्या धायरी भागात जीबीएसची साथ आली होती, त्यामुळे ते नाव ऐकल्यावर मामीच्या पोटात गोळाच आला.

सध्या मामा अ‍ॅडमिट आहेत. हातापायांत ताकद आहे, जेवतात, बोलतात, पण दोन्ही डोळे जवळजवळ जागच्या जागी. डावी पापणीही अर्धी उतरली आहे. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची दात्यांची प्रतिपिंडं) द्यायचं की थांबायचं, यावर डॉक्टर उद्या बोलणार आहेत. कुणाच्या घरात हे झालंय का? डोळे पुन्हा फिरायला लागतात का? मामा सारखं हेच विचारताहेत.

साखरसम्राट

मलाही एकाचे दोन दिसायचे, पण माझं कारण शुगर. एक डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. सहावी नस, म्हणाले. शुगर ताब्यात आणली आणि तीनेक महिन्यांत सुटलं. मामांची तीन महिन्यांच्या सरासरीवाली शुगर बघितली का? नुसती उपाशीपोटीची नको.

वारजेकर

बघितली, ठीक आहे. आणि मामांचे दोन्ही डोळे अडकलेत, शिवाय तोल जातो.

मेंदूमित्र

वारजेकर, मी न्यूरॉलॉजीत काम करते. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण झालंय काय ते सांगते, कारण वॉर्डात राउंडच्या वेळी एवढं बोलणं होत नाही हे मला ठाऊक आहे.

प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू असतात आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा तीन: तिसरी, चौथी आणि सहावी. तिसरीकडे चार स्नायू, वर पापणी उचलायचं काम. बाकी दोघींकडे एकेकच स्नायू. दोन डोळे म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी, एक जरासा मागे पडला की गाडी तिरकी. मेंदूकडे न जुळणारी दोन चित्रं जातात आणि एकाचे दोन दिसतात. म्हणून पहिली परीक्षा घरीच होते. एक डोळा हाताने झाका. दोनाचं एक झालं तर गडबड दोन डोळ्यांच्या मेळात आहे, म्हणजे नस, स्नायू किंवा मेंदू. झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील तर बहुधा डोळ्यातच काही आहे: मोतीबिंदू, चष्मा, कोरडेपणा.

आता मिलर फिशर. हे दोन डॉक्टर नव्हेत, एकच: चार्ल्स मिलर फिशर, कॅनडाचे. त्यांनी १९५६ साली तीन रुग्णांची हकीकत लिहिली. तिघांतही तेच त्रिकूट: डोळे फिरत नाहीत, तोल जातो, हातोडीला पाय उडत नाही. मामांचं वर्णन अगदी तसंच आहे. १९९२ साली जपानी संशोधकांनी या रुग्णांच्या रक्तात जीक्यू१बी या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. हा पदार्थ शरीरात इतरत्रही असतो, पण डोळे हलवणाऱ्या त्या तीन नसांमध्ये त्याचं प्रमाण विशेष जास्त. त्यामुळे घाव नेमका तिथे बसतो.

जुलाबांचा संबंध असा, की कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाच्या जंतूच्या बाहेरच्या आवरणातली साखर या पदार्थासारखीच दिसते. शरीर जंतूवर हल्ला करतं आणि त्याच ओघात आपल्याच नसांवरही. मात्र प्रत्येक वेळी जुलाबच असतात असं नाही, बऱ्याच जणांना आधी नुसती सर्दी-घसा झालेला असतो. पायात ताकद असूनही तोल का जातो, तर स्नायूंकडून मेंदूकडे जाणारी खबर बिघडते, असं मानलं जातं.

मामांना सांगा: डोळे फिरतात. बहुतेकांचे फिरतात. तोल साधारण महिन्याभरात सावरतो, डोळ्यांना तीन महिन्यांच्या आसपास लागतात, आणि सहा महिन्यांत बहुतेक जण जवळजवळ पूर्ण बरे झालेले असतात. मागेपुढे होतं. पहिला आठवडाभर आजार वाढू शकतो, त्यामुळे आज कालच्यापेक्षा जास्त वाटलं तर लगेच धीर सोडू नये.

स्पष्टवक्ता

मग एक सरळ प्रश्न. आपोआप बरं होणार असेल तर आयव्हीआयजी कशाला? लाखांत बिल जातं. माझ्या ओळखीत एकांकडून आधी पैसे भरून घेतले आणि मग चर्चा केली. मेडिक्लेम आहे म्हटलं की सगळं 'आवश्यक' होतं.

मेंदूमित्र

प्रश्न रास्त आहे, सूर नाही.

डोस वजनावर असतो: किलोला ०.४ ग्रॅम, रोज, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर चोवीस बाटल्या. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागातून, ते बनतं, म्हणून महाग. जीबीएसमध्ये ते किंवा प्लाझ्मा बदलणं, दोन्ही उपयोगी आहेत हे सिद्ध झालंय. पण निव्वळ मिलर फिशरमध्ये, जिथे हातपाय शाबूत आहेत, तिथे न देताही माणसं तितकीच बरी होतात असं जपानी डॉक्टरांना जुन्या नोंदी तपासताना आढळलं. म्हणून थांबून बघणं हा हलगर्जीपणा नाही आणि देणं ही लूटही नाही.

डॉक्टर कशावर ठरवतात ते सांगते. काही जणांचं मिलर फिशर पुढे सरकून पूर्ण जीबीएस होतं. गिळताना ठसका लागायला लागला, आवाज नाकातून यायला लागला, हातापायांतली ताकद कमी झाली किंवा श्वास कमी पडायला लागला, तर वाट बघत नाहीत. नर्स मामांना एका श्वासात आकडे मोजायला लावत असेल. त्याला कुणी हसू नका. कालच्यापेक्षा आकडा घसरला तर ती सगळ्यात आधी मिळणारी सूचना. शिवाय माणूस झापडल्यासारखा, गुंगीत राहायला लागला तर बिकरस्टाफ नावाचा, मेंदूच्या खोडाचा याच कुळातला आजार बघावा लागतो.

उद्या भेटाल तेव्हा "द्यायचं का" यापेक्षा "काय दिसलं तर द्याल" असं विचारा. उत्तर जास्त उपयोगी मिळेल.

आणि स्टिरॉइडचा आग्रह धरू नका. जीबीएसमध्ये त्याचा फायदा होत नाही हे चाचण्यांत दिसून आलंय.

मुठाकाठ

मी नांदेडचा, म्हणजे आपल्या खडकवासल्याजवळच्या नांदेड गावचा. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याकडे काय वातावरण होतं ते आठवलं. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, अख्खा सिंहगड रोड. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या, केंद्राचं पथक आलं, एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) नमुने तपासले आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच तो कॅम्पिलोबॅक्टर सापडला, काहींत नोरोव्हायरस. आमचं नांदेड महापालिकेत आलं २०२१ ला. कर आला, शुद्ध केलेलं पाणी मात्र आलं नव्हतं. विहिरीतून उपसायचं, क्लोरीन टाकायचं की झालं.

तेव्हापासून आमच्या घरात पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. आई पूर्वी 'इतकं काय' म्हणायची, आता तीच पातेलं चढवते. वारजेकर, जुलाब लग्नातल्या जेवणाने झाले की घरच्या पाण्याने, हे आता सांगता येणार नाही, पण मामींना पाण्याचं तेवढं सांगा. आणि मुख्य म्हणजे, जीबीएस माणसातून माणसाला लागत नाही. आमच्याकडे लोक रुग्णाच्या घरी जायचे थांबले होते, ते तुमच्या सोसायटीत होऊ देऊ नका.

स्पष्टवक्ता

+१. कराच्या मुद्द्यासाठी दहा वेळा +१.

नैसर्गिक_जीवन

मानेत नस दबली असणार. एमआरआयमध्ये सगळं येत नाही. मी एका जाणकारांचा पत्ता खाजगी निरोपाने पाठवतो, मान एकदा मोकळी करून देतात. नाकात तूप आणि डोळ्यांचे व्यायाम, गोल गोल फिरवणे.

दृष्टीआड

कृपा करून नको. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नजर तपासणं हेच माझं काम. डोळे हलवणाऱ्या नसा मेंदूच्या खोडातून निघून कवटीच्या आतून थेट डोळ्याच्या खोबणीत जातात, मानेच्या मणक्यांतून जातच नाहीत. तिथे काहीही दबलं तरी डोळा असा अडकत नाही. उलट मान झटक्याने फिरवल्यामुळे रक्तवाहिनीला चीर गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि इथे माणसाचा आधीच तोल जातोय. डोळे फिरवायचे व्यायाम म्हणाल तर ज्या नसेतून हुकूमच पोचत नाही तिला व्यायामाने काय होणार? तुपाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पोळीवर घ्या.

वारजेकर, तोपर्यंत करण्यासारखं एक आहे. मामांच्या चष्म्याच्या एका काचेवर आतून औषधाच्या दुकानातली पांढरी कागदी चिकटपट्टी लावा, संपूर्ण काच झाकेल अशी. एक चित्र बंद झालं की डोकं गरगरणं, मळमळणं बरंच कमी होतं. डोळ्यावर जाड पट्टी बांधण्यापेक्षा हे बरं, घाम येत नाही, लोकही बघत नाहीत. काच आलटून पालटून बदलली तरी चालते. महिन्यांनीही थोडं दोन दिसणं उरलं तर काचेवर चिकटवायचे पातळ प्रिझम मिळतात, ते दोन चित्रं सरकवून जुळवतात. आत्ता मात्र प्रिझमवर पैसे घालू नका, कारण दर आठवड्याला कोन बदलत असतो. आणि पापणी नीट मिटत नसेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब विचारून घ्या.

अर्धीपापणी

नाव वाचूनच कळलं असेल, मी या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. माझं मायस्थेनिया, डोळ्यांपुरतं. तेही शरीराने स्वतःवरच उगारलेलं हत्यार, पण घाव नसेवर नसून नस जिथे स्नायूला भेटते त्या जागी.

मामांच्या आणि माझ्या आजारातला फरक माझ्या अनुभवातून सांगते. माझं सकाळी अगदी बरं असायचं. कोथरूडहून ऑफिसला जाताना सिग्नल एकच, परत येताना दोन. संध्याकाळच्या स्वयंपाकाला उभी राहिले की पापणी उतरायची. घरचे म्हणायचे थकवा आहे, चाळिशी आहे, मोबाईल कमी कर. एका डॉक्टरांनी सकाळच्या ओपीडीत तपासून 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम वर छताकडे एकटक बघायला लावलं, आणि बघता बघता पापणी खाली आली. मग मिटलेल्या डोळ्यावर दोनेक मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली. पापणी वर! मला जादूच वाटली. थंडीने त्या सांध्यावरचा संदेश तोडणारं रसायन मंदावतं, म्हणून असं होतं, हे त्यांनी नंतर समजावलं.

पुढे रक्ताची तपासणी केली, ती निगेटिव्ह. डोळ्यांपुरतं मायस्थेनिया असलेल्या सुमारे निम्म्या लोकांत ती निगेटिव्हच येते, त्यामुळे एवढ्यावर सुटका नाही. नसेला बारीक झटके देऊन करायची तपासणी झाली, थायमस ग्रंथीत गाठ नाही ना म्हणून छातीचा सीटी झाला. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या चालू आहेत. गोळी घेतल्यावर पोटात मुरडा येतो, म्हणून मी काहीतरी खाऊनच घेते. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, की पहिल्या दोन वर्षांत हे डोळ्यांपलीकडे पसरू शकतं, चावताना जबडा थकला, बोलताना जीभ जड झाली तर लगेच यायचं.

आणि एक, हे प्रत्येक मायस्थेनियावाल्याने पाकिटात लिहून ठेवावं असं: काही नेहमीची औषधं आम्हाला बाधतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, बीपीच्या काही गोळ्या. जुलाब झाले की दुकानदार सरळ सिप्रोची पट्टी काढून देतो. मी आधी आजाराचं नाव सांगते, मग काय दुखतंय ते.

साखरसम्राट

बापरे, सिप्रो आमच्या घरात शेंगदाण्यासारखी असते. वाचनखूण साठवली.

राजगडचा_पायथा

थोडं अवांतर, पण विषय पापणी पडण्याचा आहे म्हणून लिहितो. आम्ही वेल्ह्याकडचे. आमच्याकडे सकाळी उठल्यावर कुणाच्या दोन्ही पापण्या उघडेनात आणि पोटात कळ मारतेय म्हटलं, की म्हातारी माणसं आधी अंथरूण झटकतात. मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही सापडत नाही. पावसाळ्यात हे पहिलं बघा. मायस्थेनिया, मिलर फिशर नंतर. मांत्रिकाकडे नको, थेट दवाखाना, कारण पापणीनंतर श्वास जातो.

मेंदूमित्र

अवांतर अजिबात नाही. वॉर्डात आम्ही विद्यार्थ्यांना हेच विचारतो. एका रात्रीत पापण्या पडल्या: मण्यार. आठवड्याभरात, जुलाब-सर्दीनंतर, हातोडीला उत्तर नाही: मिलर फिशर. संध्याकाळी जास्त, सकाळी कमी: मायस्थेनिया. एकच पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकं भयंकर दुखतंय: मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नाही ना, यासाठी त्याच तासाला रुग्णालय. शुगरमुळे तिसरी नस बिघडली तर बहुतेकदा बाहुलीला धक्का लागत नाही.

मण्यार आणि मायस्थेनिया यांचं नातं तर फारच जवळचं. मण्यारीच्या कुळातल्या एका सापाच्या विषाचा एक घटक नस-स्नायूच्या सांध्यावरच्या ग्राहकांना (नसेचा संदेश पकडणारे रिसेप्टर) घट्ट चिकटतो. तोच खूण म्हणून वापरून १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की मायस्थेनियाच्या रुग्णांत हे ग्राहक कमी झालेले असतात. अर्धीपापणी यांच्या आजाराचं कोडं असं सापाच्या मदतीने सुटलं.

अर्धीपापणी

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नागपंचमीला मण्यारीलाही दूध लागू.

राजगडचा_पायथा

ती पीत नाही.

वारजेकर

खूप दिवसांनी येतोय, धाग्याकडे बघायला जमलं नाही. दिलगीर आहे.

मेंदूमित्र, तुम्ही सांगितला तसाच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी वहीत लिहून दिलं, काय झालं तर आयव्हीआयजी. श्वासाचे आकडे टिकले, गिळणं नीट राहिलं, म्हणून दिलं नाही. मामांना घरी सोडलं. पहिले काही दिवस भिंतीला धरून चालायचे, आता चौकापर्यंत एकटे जातात. पापणी वर आली. डोळे खाली-वर बऱ्यापैकी होतात, बाजूला बघताना अजून दोन दिसतं. काचेवरची चिकटपट्टी चालू आहे. दृष्टीआड, ती युक्ती सोन्याची. मामा पट्टी लावून हरिपाठ वाचतात.

आता प्रश्न दोन. एक, मामा म्हणतात पट्टी लावून एकच दिसतंय, तर स्कूटर का नको? मामीने किल्ली लपवली आहे. दोन, बाहेर पाठवलेला जीक्यू१बीचा रिपोर्ट आत्ता आला, पॉझिटिव्ह. माणूस बरा होत आला आणि आता कागद आला, त्याचं करायचं काय?

दृष्टीआड

मामींचं बरोबर आहे. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, झाकलेल्या बाजूची नजर कमी होते. जन्मापासून एका डोळ्यावर असलेल्या माणसाला त्याची सवय असते, मामांना नाही. अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या नवले पुलाच्या उतारावर सवय लावून घ्यायची नसते. पट्टी न लावता चारी दिशांना एकच दिसायला लागलं आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच स्कूटर. जिना उतरतानाही कठडा धरा म्हणावं, पायरीची कड चुकते.

मेंदूमित्र

रिपोर्ट उशिरा येतो हे नेहमीचंच, म्हणून आम्ही उपचार त्यावर अडवून ठेवत नाही. निगेटिव्ह आला असता तरी निदान बदललं नसतं. पुन्हा पुन्हा करून आकडा उतरला का बघायची गरज नाही, बरं होणं मामांच्या डोळ्यांवरून कळेल.

कागद टाकून मात्र देऊ नका. डिस्चार्ज कार्डाबरोबर लावून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा. हा आजार पुन्हा होणं विरळा, पण होतो. पुढे कधीही एकाचे दोन दिसले तर जो कुणी डॉक्टर समोर असेल त्याच्या हातात आधी हा कागद द्यायचा, म्हणजे सुरुवात चष्म्याच्या नंबरापासून होणार नाही. फ्लूची किंवा दुसरी कुठली लस घ्यायची वेळ आली तर तेव्हाही दाखवा, घ्यायची की नाही ते तुमचे न्यूरोचे डॉक्टर सांगतील.